खुनी कोणत्या खात्याचा?

भुसावळ येथे रहस्यकथा वाचणारा गृहस्थ हा नुसता वाचक नसून एक स्वतंत्र सामाजिक नमुना आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची नोंद अद्याप घेतलेली नाही याचे कारण बहुधा एवढेच असावे की त्यांची गाडी भुसावळ स्थानकात रात्री दोनच्या सुमारास येते व त्या वेळी इतिहासकार वरच्या बर्थवर घोरत असतात. नमुना मात्र त्या वेळी टक्क जागा असतो. मुंबईकडून नागपूर-हावड्याकडे जाणारा, खंडवा-इटारसीवरून उत्तरेकडे जाणारा आणि तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा असे लोहमार्ग जेथे एकमेकांना मिळतात, त्या या जंक्शनाची वस्ती रेल्वेच्या आधाराने वाढली. पुढे तिच्या जोडीला आयुध निर्माणी आली, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आले, आणि गावातल्या अनेक घरांचे घड्याळ सूर्याऐवजी पाळीवर चालू लागले. पाळी म्हणजे कामाची नेमून दिलेली वेळ. ती सकाळची, दुपारची किंवा रात्रीची असते, आणि रात्रीची पाळी करून आलेल्या माणसाला मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, कूलरसमोर कितीही कुशी बदलल्या तरी झोप लागत नाही. भुसावळात रहस्यकथेचा प्रसार होण्याचे हे पहिले कारण होय. दुसरे कारण अधिक खोल असून ते यथास्थळी येईल.

सोयीसाठी या नमुन्याला नाना म्हणावे, कारण पन्नाशी ओलांडलेल्या आणि न विचारता सल्ला देणाऱ्या मनुष्यास या भागात नाना, आबा किंवा आप्पा यांपैकी काहीतरी म्हटले जातेच. फिटर, केबिनवाले, निर्माणीतले तपासनीस, शाळामास्तर आणि एखाददुसरा केळीचा अडत्या हेही या जातीत मोडतात, परंतु नमुन्याचे शुद्ध रूप पाहायचे तर ते मालगाडीच्या गार्डात. रेल्वे मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये गार्ड या पदाचे नाव बदलून ट्रेन मॅनेजर असे केले; नाना त्यापूर्वीच निवृत्त झाल्यामुळे गार्डच राहिले, आणि मॅनेजर हा इसम रहस्यकथेत बहुतकरून बँकेच्या तिजोरीची दुसरी किल्ली बाळगून असतो, असे सांगून त्यांनी नव्या नावाबद्दलची नापसंती नोंदवून ठेवली आहे.

नानांच्या शास्त्रात रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा या तीन अगदी वेगळ्या चिजा आहेत, आणि त्यांची एकाच कपाटात सरमिसळ करणाऱ्या ग्रंथपालाला ते पुस्तक परत करताना समज देतात. जिच्यात गुन्हा घडतो, गुन्हेगार लपतो आणि शेवटी सापडतो ती रहस्यकथा. जिच्यात नेमके काय घडले हेच शेवटपर्यंत नक्की होत नाही ती गूढकथा. आणि जे घडले त्याला कोणीही माणूस जबाबदार नसतो ती भयकथा. नारायण धारप (१९२५–२००८) यांची मिळतील तेवढी पुस्तके नानांनी वाचली आहेत, त्यांच्या कथांतल्या समर्थ या नायकावर नानांची श्रद्धाही आहे, परंतु भुताचा जबाब घेता येत नाही, त्याला बेड्या घालता येत नाहीत आणि ते कोणत्याच कलमात बसत नाही, या तांत्रिक अडचणीमुळे ते धारपांना मेन लाइनवर न घेता लूपला उभे करतात. लूप म्हणजे मुख्य मार्गाला समांतर असलेला बाजूचा मार्ग, ज्यावर एक गाडी थांबवून दुसरीला पुढे काढता येते. त्यात त्या गाडीचा अपमान नसतो, फक्त वाट पाहणे असते. रत्नाकर मतकरी यांनाही त्यांनी तेथेच उभे केले आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले, त्यांत अमानवी शक्ती वापरू नये, एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे ठेवू नयेत, वाचकाला आधी सुचवल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत आणि गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये असे नियम आहेत. नानांनी नॉक्स वाचलेला नाही, तरी स्वतंत्रपणे ते याच निष्कर्षांपर्यंत आले, आणि वर त्यांनी अकरावा नियम घातला की कथेत रेल्वे स्थानकाचे नाव घेतले तर फलाटाचा क्रमांक खरा द्यावा, नाहीतर नाव घेऊ नये.

नमुन्याचे वय आधार कार्डावरून न ठरवता त्याच्या नायकावरून ठरवावे. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांनी बेतलेली 'कालिकामूर्ती' ज्यांनी वाचली ती पिढी आता उरलेली नाही. नानांचे आजोबा तिच्यातले, आणि ते हे पुस्तक धार्मिक आहे असे घरात सांगून वाचीत. ज्यांच्या तोंडी झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही नावे येतात ते बाबूराव अर्नाळकरांच्या राज्यातले नागरिक. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, आणि ती सगळी वाचली असे सांगणारा माणूस प्रत्येक रेल्वे वसाहतीत एक तरी असतो, ज्याला उलटतपासणीत पन्नासही नावे सांगता येत नाहीत. कॅप्टन दीपचे नाव निघताच ज्याची पाठ ताठ होते तो गुरुनाथ नाईकांचा, आणि मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद यांवरून जो भांडायला उठतो तो सुहास शिरवळकरांचा (१९४८–२००३) वाचक होय. वसाहतीत हिंदी बोलणारी कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे सुरेंद्र मोहन पाठक आणि मेरठचे वेदप्रकाश शर्मा हेही भुसावळात घरचेच. मराठी गार्डाने हिंदी पुस्तक वाचावे आणि कानपूरकडच्या चालकाने त्याला कथा विचारून घ्यावी, हा प्रकार राष्ट्रीय एकात्मतेवरच्या निबंधात यायला हवा होता. नाना स्वतः अर्नाळकर आणि नाईक यांच्या सीमेवरचे आहेत. झुंजार आणि कॅप्टन दीप समोरासमोर आले तर काय होईल, हा प्रश्न त्यांच्या कट्ट्यावर अनेक उन्हाळे चालला व अखेर दोघेही गुन्हेगाराच्याच मागावर असल्याने ते एकमेकांना मदत करतील असा ठराव होऊन मिटला.

नमुना वाचतो कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ड्यूटीवर पुस्तक उघडणे नियमात बसत नाही आणि नाना नियमाचे पक्के, त्यामुळे त्यांचे बरेचसे वाचन इगतपुरी, बडनेरा आणि खंडवा येथील रनिंग रूममध्ये झाले. रनिंग रूम म्हणजे गाडी घेऊन परगावी गेलेल्या चालक-गार्डांनी परतीची गाडी मिळेपर्यंत विसावा घ्यावा म्हणून रेल्वेने ठेवलेले निवासस्थान. तेथे खाटा असतात, स्वयंपाकी असतो, आणि झोपलेल्याला त्याची गाडी लागल्याचे सांगून वहीत सही घेणारा कॉलबॉय असतो, जो मिशा पिकलेला चार मुलांचा बाप असला तरी कॉलबॉयच. मराठी रहस्यकथा ही शंभर-सव्वाशे पानांची, खिशात मावणारी आणि एका बैठकीत संपणारी वस्तू आहे असे समीक्षक लिहितात, परंतु ती बैठक किती वेळाची हे समीक्षक ठरवीत नाही, कंट्रोल ठरवतो. कंट्रोल म्हणजे विभागातल्या सगळ्या गाड्यांची हालचाल टेलिफोनवरून चालवणारा कक्ष. वाड्यातला दिवा विझला आहे, नायिकेच्या खोलीबाहेर पावले वाजली आहेत, कडी हळूच सरकते आहे, आणि दार खरोखरच धाडधाड वाजते. "नाना, उठा, कोयसा लागला तुमचा." कोळशाची भरलेली मालगाडी नायिकेच्या जिवापेक्षा मोठी असते, हे सत्य गार्डाइतके कोणालाही ठाऊक नाही. तो सही करतो, पुस्तक गादीखाली सरकवतो आणि झेंड्या, दिवा, डबा गोळा करून निघतो; नायिका त्यानंतर चार-पाच दिवस, म्हणजे नानांना त्या ठिकाणची गाडी पुन्हा मिळेपर्यंत, दाराकडे बघत बसून राहते.

या मधल्या काळात पुस्तक रिकामे बसत नाही. त्याच गादीवर दुसरा गार्ड येतो, त्याला ते टोचते, तो ते काढून वाचू लागतो, आणि अशा रीतीने एकाच प्रतीचे तीन-चार वाचक तयार होतात, जे कधीच एका जागी भेटत नाहीत, कारण एक भुसावळला असतो तेव्हा दुसरा बडनेऱ्याला असतो. त्यांची भेट होते ती दुहेरी मार्गावर दोन मालगाड्या एकमेकींना ओलांडतात त्या क्षणापुरती, आणि त्या क्षणी नियमाप्रमाणे दोन्ही गार्डांनी सर्व ठीक असल्याची खूण एकमेकांना करायची असते. मलकापूरच्या पुढे एका सहकाऱ्याने हिरव्या झेंडीबरोबर दुसऱ्या हाताची तीन बोटेही वर केली होती असे नाना सांगतात. तिसरा संशयित खुनी आहे, की तिसऱ्या प्रकरणात नीट लक्ष दे, की तीन पाने फाटलेली आहेत, याचा उलगडा होण्याआधीच दोन्ही गाड्यांची शेपटे एकमेकांपासून लांब गेली. नानांच्या मते मराठी रहस्यकथेत इतका उत्कंठावर्धक प्रसंग कोणाला साधलेला नाही.

समीक्षक म्हणून नाना कठोर आहेत, परंतु त्यांची कठोरता शैली, स्वभावचित्रण वगैरे किरकोळ बाबींकडे वळत नाही. खुनी दादरला रात्री नऊला मेलमध्ये चढला आणि एकच्या ठोक्याला भुसावळला उतरला असे कोणी लिहिले की नाना पुस्तक पालथे ठेवतात. मुंबई ते भुसावळ हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर. वाटेत कसाऱ्याचा घाट, तेथे गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने लावायची. पुढे इगतपुरीला, मुंबईकडचा विजेचा प्रवाह एका जातीचा आणि पुढचा दुसऱ्या जातीचा असल्यामुळे, कित्येक वर्षे इंजिनच बदलावे लागे. आणि हे सगळे चार तासांत उरकणाऱ्या गाडीचा चालक कोण, हे आधी सांगावे, खुनी मागाहून पकडता येईल, असे त्यांचे म्हणणे असते. लेखक मुंबईत बसून लिहितात आणि इगतपुरीला फक्त वडे खायला उतरतात, हा त्यांचा जुना आरोप आहे. आयर्लंडमध्ये फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स नावाचा एक रेल्वे इंजिनिअर होऊन गेला. त्याची पहिली कादंबरी १९२० मध्ये निघाली, आणि संशयिताने सांगितलेली ठावठिकाण्याची हकिगत वेळापत्रकावर घासून खोटी पाडणारा पोलीस अधिकारी उभा करून त्याने पुढे इतके नाव मिळवले की रेल्वेची नोकरी सोडून तो पूर्णवेळ लेखक झाला. हा मनुष्य भुसावळ विभागात नेमला गेला नाही, यात मराठी वाङ्मयाचे नुकसान झाले की मध्य रेल्वेचा फायदा, हे सांगणे कठीण आहे.

आता दुसरे कारण. रेल्वेत डिटेन्शन नावाची एक वस्तू असते. डिटेन्शन म्हणजे गाडीचा वाया गेलेला वेळ. तो कोठे गेला, किती गेला आणि कशामुळे गेला हे गार्ड आपल्या जर्नलात लिहितो, कंट्रोल ते आपल्या तक्त्यावर घेतो, आणि नंतर कार्यालयात त्या वाया गेलेल्या प्रत्येक मिनिटाला कोणते तरी खाते बाप म्हणून शोधले जाते. बाप व्हायला कोणी तयार नसते. सिग्नल खाते म्हणते, सिग्नल पडला होता, चालकाने गाडी उशिरा हलवली. चालकाच्या बाजूचे म्हणतात, वरच्या तारेत वीजच नव्हती. तारवाले म्हणतात, वीज होती, पण रूळ दुरुस्तीवाल्यांनी ब्लॉक, म्हणजे काम करण्यासाठी मार्ग बंद ठेवण्याची मुदत, वेळेवर सोडला नाही. रूळवाले म्हणतात, आम्ही केव्हाच सोडला, स्टेशन मास्तरने कळवले नाही. प्रकरण मोठे असले तर जागेवर जॉइंट नोट होते, म्हणजे सगळ्या खात्यांचे पर्यवेक्षक मिळून एक कागद लिहितात, ज्यावर सर्वांच्या सह्या असतात आणि प्रत्येक सहीखाली आपले मत वेगळे असल्याची टीप असते. कोणाचेच जमले नाही की रुळावर म्हैस येते. म्हैस कोणत्याही खात्याची नसते, तिची बाजू मांडायला युनियन नसते, तिच्याकडून खुलासा मागवता येत नाही, आणि म्हणून पाच-दहा मिनिटांचे जे काही उरते ते तिच्या नावावर निर्वेधपणे टाकता येते. पाश्चात्त्य रहस्यकथेत जे स्थान घरगड्याचे, ते रेल्वेत म्हशीचे.

अशा वातावरणात हयात घालवलेल्या माणसाने रहस्यकथेचे शेवटचे प्रकरण उघडावे आणि तेथे काय दिसावे? दिवाणखान्यात सहा माणसे बसली आहेत. बाहेर कोणालाही सोडले जात नाही. एक जाणता मनुष्य उभा राहतो, घडलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब देतो, पाच जणांना एकेक करून, नाव घेऊन, चारचौघांत निर्दोष ठरवतो, आणि उरलेल्या एकाकडे बोट दाखवतो. तो एक जण मतभेदाची टीप लावीत नाही. तो कबूल करतो. नानांना आनंद होतो तो सहावा सापडल्याचा नव्हे, पाच सुटल्याचा; ते सुटकेचे पान दोनदा-तीनदा वाचतात, आणि खुनी कोण हे त्यांना आधी ओळखता आले, असे एकही पुस्तक त्यांच्या खात्यावर जमा नाही. रहस्यकथेने बुद्धी तल्लख होते असे ते नातवंडांना सांगतात ते केवळ पुस्तकावर खर्च मंजूर व्हावा म्हणून. एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये, ॲगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीतल्या रॉजर ॲक्रॉइडला कोणी का मारले असेना, कोणाला त्याचे काय, अशा अर्थाचा लेख लिहून या वाङ्मयाची रेवडी उडवली. पण विल्सन यांच्या हातात एसएफ-अकरा कधी पडला नसावा. एसएफ-अकरा म्हणजे किरकोळ शिक्षेसाठी रेल्वे कर्मचाऱ्याला दिले जाणारे दोषारोपपत्र. तो हातात घेऊन रात्रभर बसलेल्या मनुष्याला कोणी मारले याचे फार काही असते. विल्सन यांच्या लेखानंतर तीन वर्षांनी कवी ऑडेन यांनी, जे स्वतः या वाचनाला तंबाखू-दारूच्या पंक्तीतले व्यसन मानत, असे मांडले की वाचकाच्या मनात एक अपराधाची भावना दबून असते आणि गुन्हा दुसऱ्याच कोणावर सिद्ध झाल्याने त्याला निष्पाप झाल्याचे समाधान मिळते. ऑडेन यांनी हे धर्माच्या भाषेत मांडले आहे. भुसावळच्या भाषेत त्याला डिटेन्शन दुसऱ्या खात्यावर जाणे म्हणतात. नानांना अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९३४ च्या ओरिएंट एक्स्प्रेसची उकल मान्य का नाही, हेही यावरून कळावे. बर्फात अडकलेली गाडी इतका वेळ उभी आहे आणि कंट्रोल एकदाही विचारीत नाही, हा त्यांचा वरवरचा आक्षेप. खरा आक्षेप असा की जबाबदारी सगळ्यांत वाटून मिटवण्याची ती तऱ्हा त्यांनी कार्यालयात पुष्कळ पाहिली होती आणि ती पुस्तकातही निघावी, याचे त्यांना वाईट वाटले.

नानांनी प्रत्यक्षात उकललेले प्रकरण एकच, आणि ते पेन्सिलीचे. वाचनालयातल्या रहस्यकथेला दोन लेखक असतात. एकाचे नाव मुखपृष्ठावर छापलेले असते, दुसरा पेन्सिलीने लिहितो व नाव देत नाही. सातव्या पानावर 'डॉक्टरवर लक्ष ठेवा' असे एकाने लिहिलेले असते, एकतिसाव्यावर दुसऱ्याने 'डॉक्टर गरीब आहे, सोडा त्याला' असा जामीन दिलेला असतो, आणि शेवटी बॉलपेनने 'मले तं पह्यलेच माहीत व्हतं' असे तिसऱ्याने कोरलेले असते, ज्याला निश्चितच काही माहीत नसते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ चा अधिनियम आहे, पण खुन्याचे नाव आधीच लिहून ठेवणाऱ्याविरुद्ध त्यात कलम नाही. नानांच्या लक्षात आले की या गोंगाटात एक हात वेगळा आहे: बाराव्या-पंधराव्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एकच शब्द. 'पुतण्या.' 'नर्स.' 'मोठा जावई.' आणि तो शब्द दर वेळी खरा ठरे. त्याहून चमत्कारिक म्हणजे ज्या प्रतींची शेवटची पाने केव्हाचीच फाटून गेली होती त्यांतही तो शब्द होता, म्हणजे लिहिणाऱ्याने शेवट न वाचताच निकाल दिला होता.

नानांनी प्रकरण रीतसर हाती घेतले. पुस्तक कोणत्या तारखेला कोणत्या सभासदाकडे गेले याची नोंद पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर असते. ग्रंथपालाला चहा पाजून त्यांनी अशी बरीच कार्डे उतरवून घेतली, त्यांचा तक्ता केला, प्रत्येक बिघडवलेल्या प्रतीत समान येणारा सभासद क्रमांक कोणता ते शोधले, आणि तो सापडल्यावर बराच वेळ ते तक्त्याकडे पाहत राहिले, कारण क्रमांक त्यांचाच होता. गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये, हा नॉक्सचा नियम भुसावळात अशा प्रकारे मोडला. नानांच्या कार्डावर घरी येणारी पुस्तके दुपारी नानी वाचीत, म्हणजे मेथी निवडताना पहिली वीस पाने चाळीत, आणि घरात मृत्युपत्र आहे काय, कोणी माणूस कारणाशिवाय गोड बोलतो काय, आणि सगळ्यांत कमी जेवतो कोण, एवढे तीन प्रश्न मनात विचारून निकाल लावीत. बाकीची शंभर पाने त्यांना फुकट वाटत. नावे का लिहून ठेवली असे विचारता त्यांनी जराही न कचरता जबाब दिला, "तुमी तेच ते पुस्तक परत परत आनता, म्हनून मी खून करून ठेवते." या बाजूच्या उच्चारात ण आणि न यांचा भेद राहत नसल्यामुळे जबाब कबुलीचा आहे की खुलाशाचा, हे नानांना ठरवता आले नाही. ग्रंथपालाने तपासाचे काय झाले म्हणून विचारले तेव्हा नानांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिले आणि प्रकरण म्हशीवर टाकले.

अलीकडे नमुना दुर्मीळ होत आहे. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने बंद पडली, खिशातल्या आकाराच्या कथा निघेनाशा झाल्या, जुन्या लेखकांच्या नव्या आवृत्त्या निघतात त्या जाडजूड आणि गादीखाली न मावणाऱ्या, आणि रनिंग रूमच्या खाटांवर आता मोबाइल उजळलेले दिसतात. नातवाने एकदा आठ भागांची गुन्हेगारी मालिका दाखवली. आठव्या भागाच्या शेवटी खुनी सापडला नाही, तो पुढल्या वर्षी सापडेल असे कळले, आणि नानांनी गाडी सेक्शनमध्ये उभी करून क्रू पळून गेला, असा एका वाक्यात अभिप्राय दिला.

त्यांचे स्वतःचे काम मात्र चालू आहे. लेखकाने उत्तर न देता सोडून दिलेल्या गोष्टींची एक वही ते ठेवतात. पुस्तकाचे नाव, पृष्ठ, प्रलंबित बाब आणि शेरा असे तिचे चार रकाने असून पृष्ठ ४४ वरची ओली छत्री कोणाची, कुत्रा त्या रात्री का भुंकला, टॅक्सीवाल्याचे पैसे कोणी दिले, अशा नोंदी तिच्यात आहेत. काही नोंदींसंबंधी त्यांनी प्रकाशकांमार्फत लेखकांना पत्रे पाठवली. लेखक निवर्तल्याचे समजले की ते शेऱ्याच्या रकान्यात 'संबंधित अधिकारी उपलब्ध नाहीत' असे लिहितात, परंतु नोंद बंद करीत नाहीत. १ जानेवारीला नवी वही घेऊन सगळ्या उघड्या नोंदी ते तिच्यात ओढून घेतात. चालू वहीत ओल्या छत्रीच्या नोंदीपुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, 'धाकटी जाऊ' असे कोणीतरी लिहिले आहे, आणि त्या शेऱ्याखाली नानांनी अद्याप सही केलेली नाही.